विमानवाहू नौकेवरचं झीरो (ए६एम२ मॉडेल २१), १/४८ : राखाडी नेमका कुठला, आणि पावसाळ्यात लॅकर पांढरं का पडतं?

डेकहँड

मंडळी, एडुआर्ड कंपनीचं १/४८ प्रमाणातलं झीरोचं (दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदलाचं लढाऊ विमान) प्लॅस्टिक किट घेतलंय, मॉडेल २१, २०२१ च्या साच्यातलं. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर आलेल्या जपानी विमानांपैकी एक करायचं आहे. पंख उघडे, चाकं खाली, कॅनोपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण) उघडी. कॉकपिट अर्धं झालंय, पंख अजून धडाला लावलेले नाहीत. त्याआधी काही गोष्टी पक्क्या करायच्यात.

रंगावर प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतं. कुणी म्हणतं टामिया कंपनीचा एक्सएफ-७६ रंग सरळ मारा, कुणी म्हणतं झीरो राखाडी नव्हतंच, खाकीकडे जाणारं कॅरमल होतं. जुन्या खोक्यांवर तर जवळजवळ पांढरं दिसतं. काय धरायचं?

दुसरं, लॅकर. प्लॅस्टिकच्या चमच्यांवर चाचणी घेतली, चकचकीत क्लिअर (पारदर्शक लॅकर) मारलं की पाच-दहा मिनिटांत दुधाळ थर येतो. कॉम्प्रेसर टाकीवाला आहे, एअरब्रश ०.३ मिलिमीटर तोंडाचा, दाब २ बारच्या आसपास. पाणी अडवणारा सापळा लावलेला नाही. थिनर हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं).

तिसरं, कॅनोपीच्या चौकटी. काचा मोजल्या तर चक्कर येते. हाताने रंगवणारे कुणी आहेत का?

चौथं, पत्रा उघडा पडलेला दाखवायचा असेल तर किती? चित्रांत बघावं तर विमान अर्धं चांदीचं.

जुना कानसकर

रंगाचं जाणकार सांगतील. आधी विमान कुठलं ते नीट ठरवा, कारण त्यावर पट्टा, शेपटीवरचा क्रमांक आणि आतला हिरवा, सगळं अवलंबून आहे.

विशाखापट्टणमवर झीरो आलंच नव्हतं. ६ एप्रिल १९४२ ला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बाँब पडले ते रयूजो या छोट्या विमानवाहू नौकेच्या विमानांचे. रयूजोवर तेव्हा लढाऊ विमान होतं ते टाइप ९६, म्हणजे ए५एम. उघडं कॉकपिट, न मिटणारी चाकं. झीरो तिला त्यानंतर मिळालं. अ‍ॅल्युशन बेटांवर दलदलीत उलटलेलं आणि अमेरिकनांनी दुरुस्त करून उडवलेलं प्रसिद्ध झीरो रयूजोचंच, पण ते जून १९४२ चं.

हिंदी महासागराचाच विषय हवा असेल तर कोलंबो, ५ एप्रिल १९४२, ईस्टरचा रविवार. नाहीतर त्रिंकोमाली, ९ एप्रिल. कोलंबोवरच्या हल्ल्यात ३६ झीरो होती आणि समोर ब्रिटिशांची हरिकेन व फुल्मार लढाऊ विमानं. नौका पाच : अकागी, सोर्यू, हिर्यू, शोकाकू, झुइकाकू. कागा नव्हती. फेब्रुवारीत पलाऊला तिचा तळ खडकावर घासला होता आणि ती दुरुस्तीला जपानला परतली होती. म्हणजे किटमध्ये कागाचे डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) असतील तर ते या विषयाला चालणार नाहीत.

धडावरचा उभा पट्टा हिनोमारूच्या (जपानी तांबड्या वर्तुळाच्या) मागे येतो. अकागीला एक तांबडा, कागाला दोन तांबडे. सोर्यू एक निळा, हिर्यू दोन निळे. शोकाकू एक पांढरा, झुइकाकू दोन पांढरे. शेपटीवर आधी ताफ्याचं अक्षर (ए, बी किंवा ई), मग नौकेचा रोमन आकडा, मग आडवी रेघ आणि तीन अंक. लढाऊ विमानांचे अंक शंभरात, डाइव्ह बाँबरचे दोनशेत, टॉर्पेडोवाल्यांचे तीनशेत. ‘ए’ नंतरची उभी रेघ इंग्रजी आय नसून रोमन एक आहे. तिचा अर्थ पहिल्या ताफ्यातली पहिली नौका, अकागी. तुटलेल्या डिकलच्या जागी दुसऱ्या संचातलं अक्षर लावणारे इथेच फसतात, कारण अक्षराची आणि आकड्याची जाडी सारखी नसते.

मॉडेल २१ ची ओळखही तपासून घ्या. पंखांची टोकं ५० सेंटीमीटर वर मुडपतात, कारण जहाजावरच्या लिफ्टची रुंदी ११ मीटर आणि पंखांचा विस्तार १२. १/४८ ला ते टोक साधारण १०.४ मिलिमीटर भरतं. मॉडेल ११ ला ही घडी नाही, ३२ ला टोकच कापलेलं. एक्झॉस्ट प्रत्येक बाजूला एकच, खालच्या अंगाला. सिलिंडरागणिक सुटे पाइप दिसले तर तो नंतरच्या ए६एम५ मॉडेलचा भाग. २० मिलिमीटर तोफांच्या नळ्या २१ वर पंखाच्या कडेतच संपतात. सुट्या भागांच्या डब्यातल्या लांब नळ्या बसवायचा मोह आवरा.

निळसर काळा

काकांनी विमान ठरवून दिलं, आता रंग.

‘राखाडी की कॅरमल’ हा वादच थोडा चुकीचा मांडला जातो. १९४२ च्या जपानी नौदलाच्या तांत्रिक अहवालात झीरोचा रंग राखाडीच म्हटलाय, ‘किंचित अमे-इरोकडे झुकणारा’ अशी पुस्ती जोडून, आणि चकचकीत असल्याचंही म्हटलंय. अमे म्हणजे जपानी पाकाची गोळी. आपल्याकडे चिक्कीचा पाक चढत असताना जी छटा येते, तिच्या जवळचं. किंचित झुकणारा म्हणजे राखाडीत तिची झाक. आख्खं विमान पाकात बुडवायचं नाही. विमानांच्या अवशेषांवर सापडलेला ताजा, झाकलेला रंग ऑलिव्हकडे जाणारा राखाडी दिसतो. तोच थर उन्हात, खाऱ्या हवेत पिठाळला की फिका, उदासीन राखाडी होतो. जुन्या खोक्यांवरचं पांढरट विमान बहुधा पिठाळलेल्या थरावरून आणि कृष्णधवल फोटोंवरून आलं.

म्हणून कोलंबोसाठी एक्सएफ-७६ हा चांगला पाया आहे. फक्त तो मॅट आहे आणि विमान मॅट नव्हतं. १० भाग एक्सएफ-७६ मध्ये ३ भाग एक्स-२२ क्लिअर घाला, अर्धचकचकीत थर येतो. त्यात एक्सएफ-५९ डेझर्ट यलोचे दोन-तीन थेंब टाकले की झाक मिळते. थेंब मोजून टाका आणि मिश्रण एकदाच, किमान १५ मिलिलिटर करा. दुसऱ्यांदा तीच छटा जमत नाही, आणि पंख एका छटेचा, धड दुसऱ्या, असं होतं.

शेपटीचा रडर, एलिव्हेटर आणि पंखांची एलेरॉन कापडी होती. त्यांच्यावरचा रंग धातूवरच्यापेक्षा थोडा निळसर-करडा दिसायचा. मूळ मिश्रण २ भाग, एक्सएफ-१२ १ भाग, एवढा फरक पुरतो. याहून जास्त केलात तर दुसऱ्या विमानाचे भाग उचलून लावल्यासारखं दिसेल.

इंजिनाची टोपी काळी नाही, निळसर काळी. मिस्टर कलर या लॅकर रंगांतला सी१२५ त्यासाठीच आहे. तो नसेल तर मॅट काळा ८ भाग, मॅट निळा १ भाग, आणि वर अर्धचकचकीत क्लिअर. निव्वळ काळा मारला तर राखाडी धडापुढे तो भोक पडल्यासारखा दिसतो आणि पॅनेलच्या रेषा हरवतात.

आतला हिरवा मित्सुबिशीचा घ्या. नाकाजिमाने झीरो बनवायला सुरुवात केली ती नोव्हेंबर १९४१ मध्ये, त्यामुळे या काळात नौकांवरची विमानं प्रामुख्याने मित्सुबिशीची धरायची. टामिया एक्सएफ-७१ किंवा मिस्टर कलर सी१२६. आओताके, म्हणजे धातूवरचा तो निळा-हिरवा पारदर्शक थर, सीटच्या मागच्या बंद भागात येतो. आधी चांदी, वर पारदर्शक निळा आणि हिरवा मिसळून पातळ दोन हात. कॉकपिटच्या दिसणाऱ्या भागात तो मारू नका, चाकांच्या पायांनाही नाही. पाय काळे, चकचकीत. पायांच्या झाकणांची आतली बाजू बाहेरच्याच रंगाची.

पंखा (प्रॉपेलर) पुढून उघडा धातू, टोकाला दोन तांबडे पट्टे, मागून तपकिरी-तांबडा. संपूर्ण तपकिरी पंखा नंतरचा.

दमट हवा

तुमच्या दुधाळ थराची दोन कारणं आहेत आणि दोन्ही तुम्ही स्वतःच लिहिलीत : एनसी थिनर आणि सापळा नसणं.

एनसी थिनर झपाट्याने उडतं. उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं आणि तिथलं तापमान खाली येतं. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २५ अंशांच्या वर असतो. म्हणजे पृष्ठभाग तीन अंश थंड झाला की पुरे, हवेतलं पाणी ओल्या लॅकरवर बसतं आणि आत अडकतं. तोच पांढरेपणा. आर्द्रता ५० टक्के असेल तर त्याच २८ अंशांना दवबिंदू १६-१७ वर येतो, तेव्हा तेच थिनर गुपचूप काम करून जातं. म्हणून हिवाळ्यात चाललेली रीत जुलैत दगा देते.

उपाय क्रमाने. एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला ठेवा. ते तसंही पॉलिस्टायरीनला चावतं, बारीक रिव्हेट बुजतात आणि पारदर्शक भागांवर जाळं पडतं. लॅकरसाठी मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात मंदावक (सुकणं लांबवणारं रिटार्डर) आधीच असतं. तरीही पांढरं पडलं तर वेगळं रिटार्डर ५ टक्के, अगदी फार तर १०. त्यापुढे गेलात तर थर दिवसभर चिकट राहतो आणि बोटाचा ठसा कायमचा उमटतो.

दाब २ बार फार झाला. लॅकर क्लिअरला १ ते १.२ बार, अंतर ६-८ सेंटीमीटर. पहिले दोन हात धुक्यासारखे, मध्ये पाच मिनिटं, मग एक ओला हात. पहिलाच हात ओला मारला की सगळं द्रावक एकदम उडतं आणि थंडावाही एकदम येतो.

सापळा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नका. तिथून निघणारी हवा गरम असते, पाणी अजून वाफेत असतं, सापळ्यातून तसंच पुढे जातं आणि नळीत गार होऊन थेंब बनतं. दोन-तीन मीटर नळीनंतर, एअरब्रशच्या जवळ लावा. टाकीच्या खालची पाणी काढायची चावी रोज उघडा. पावसाळ्यात तिथून निघणारं पाणी बघितलं की सापळ्याची किंमत आपोआप पटते.

खोलीत एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवा, मग रंगवताना बंद करा. धूर बाहेर फेकणारा पंखा लावलात तर बाहेरची ओली हवा आत येणारच, तेव्हा फेकपंखा फक्त फवारताना चालू. रंगवलेला भाग सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या बंद डब्यात ठेवा.

पांढरं पडलेलं बहुतेक वेळा वाचवता येतं. कोरड्या वेळी नुसतं लेव्हलिंग थिनर लांबून, हलकं फवारा. थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं. घासू मात्र नका.

टामियाचे एक्स आणि एक्सएफ रंग पातळ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल चालतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातल्या पाण्यामुळे पृष्ठताण वाढतो आणि रंग थेंबाथेंबाने गोळा होतो.

डेकहँड

म्हणजे विशाखापट्टणम बाद, अकागी आणि कोलंबो पक्कं. एनसी थिनर आजपासून धुण्यापुरतं.

दोन उपप्रश्न. तांबडा पट्टा आणि हिनोमारू डिकलने की रंगाने? आणि एडुआर्डच्या डिकलची वरची पारदर्शक झिल्ली काढता येते म्हणतात, ती काढायची का?

प्लॅस्टिकवेडी

हिनोमारू आणि पट्टा दोन्ही रंगवा. अंक, चेतावणीच्या ओळी आणि पाट्या डिकलने. झीरोचा हिनोमारू म्हणजे साधं तांबडं वर्तुळ, राखाडी विमानावर पांढरी कड नाही, त्यामुळे रंगवायला याहून सोपं चिन्ह कुठल्याच देशाचं नाही.

क्रम उलटा धरा. धड आणि पंख जोडून, प्राइमर झाल्यावर सहाही जागी (पंखांच्या वर दोन, खाली दोन, धडावर दोन) आणि पट्ट्याच्या जागी आधी पांढऱ्यात थोडा गुलाबी मिसळून पातळ हात. त्यावर तांबडा. तांबडा थेट राखाडीवर मारला तर विटकरी दिसतो आणि झाकायला चार हात लागतात, मग कडेला पायरी तयार होते. व्यास डिकलवर मोजून घ्या आणि वर्तुळ-कटरने कापलेली टेप लावा. मग वरून राखाडी. टेप काढल्यावर वर्तुळ राखाडीच्या पातळीला किंवा कणभर खाली बसतं, हात फिरवला तर लागत नाही.

टेपखाली रंग झिरपू नये म्हणून टेप लावल्यावर राखाडीच्या आधी तांबड्याचाच एक पातळ हात कडेवर मारा. झिरपायचा असेल तर तांबडाच झिरपेल, आणि तो तांबड्यावरच जाईल. ही युक्ती कुठल्याही दोन रंगांना चालते. टेप तासाभरात काढा, सपाट मागे दुमडून, सावकाश.

झिल्ली काढणं जमतं : डिकल पूर्ण वाळू द्या, एक रात्र तरी, मग कापसाच्या काडीवर थोडं व्हाइट स्पिरिट घेऊन कडेला लावा आणि चिमट्याने उचला. पण झिल्लीच्या आधी मऊ करणारं जालीम डिकल-द्रावण वापरलं असेल तर अक्षरही सोबत येऊ शकतं. सहा-आठ मोठ्या अंकांसाठी करा, बारीक पाट्यांच्या नादी लागू नका. त्या तशाच चकचकीत क्लिअरवर लावल्या की चांदीसारखी हवा अडकत नाही.

कॅनोपी. हाताने नको. एडुआर्डच्या प्रोफीपॅक किटमध्ये कापलेले मास्क (काचा झाकायच्या चिकटपट्ट्या) मिळतात, तेच वापरा. मास्क लावल्यावर प्रत्येक कड लाकडी टूथपिकने दाबा, काच आणि चौकट यांच्या कोपऱ्यात विशेष. आधी कॉकपिटचा हिरवा, मग बाहेरचा राखाडी. काचेतून बघितलं की चौकटीची आतली बाजू हिरवी दिसते, वेगळं रंगवावं लागत नाही. उघडी कॅनोपी करताय तर सरकणारा भाग मागच्या भागावर नीट चढतो का ते रंगाआधी बघा. बंद कॅनोपीचा भाग उघडा बसवायचा प्रयत्न केला तर जाडीमुळे तो वर तरंगतो. किटमध्ये उघड्यासाठी वेगळा भाग असतो, तोच काढा.

चिकटवायला फेव्हिकॉल, पाणी घालून पातळ केलेला. फेव्हिक्विकची वाफ काचेच्या आत बसून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते आणि बंद कॅनोपीत ती पुसताही येत नाही. आत आधीच फेव्हिक्विक वापरलं असेल (रडारनळीसारखे बारीक धातूचे भाग त्याशिवाय बसत नाहीत) तर कॅनोपी बसवण्याआधी विमान एक दिवस उघडं ठेवा.

प्लॅस्टिकवेडी

वर ‘रडारनळी’ लिहिलं, ते चुकून. झीरोवर रडार कुठलं! कॅनोपीखालची दिशाशोधक तारेची कडी म्हणायचं होतं. नौकेवरच्या विमानाला ती हवीच, समुद्रावरून परत जहाज शोधायचं असतं.

गंजका रिव्हेट

चौथ्या प्रश्नावर माझं मत सगळ्यांपेक्षा वेगळं असेल. एकही ओरखडा नसलेलं युद्धातलं विमान खेळण्यासारखं दिसतं. खारी हवा, डेकवर ढकलाढकली, रोज मेकॅनिकचे बूट. पंखाच्या मुळाशी, इंजिनाच्या झाकणांच्या कडांना आणि बंदुकांच्या दारांना चांदीची पेन्सिल फिरवायला हरकत नसावी.

निळसर काळा

झाकणांच्या कडा आणि स्क्रू, मान्य. पंखाच्या मुळाशी चांदीचे धब्बे, अमान्य.

सोललेल्या झीरोचे जे फोटो सगळ्यांच्या डोक्यात बसलेत ते राबौल या पॅसिफिकमधल्या जपानी तळाकडच्या, जमिनीवरून उडणाऱ्या विमानांचे. तिथे मूळ चकचकीत राखाडीवर हिरवा तळावरच फासला होता, घासणी न करता. तो सोलला. पण सोलल्यावर खाली दिसला तो राखाडी, पत्रा नव्हे. लोक हिरवा सोलून खाली चांदी दाखवतात, ती दुहेरी चूक. अकागीच्या विमानावर हिरवा नाहीच. तिथे कारखान्यातला राखाडी, खाली तांबूस-तपकिरी प्राइमर. खरवडलंच तर आधी प्राइमर दिसेल. शिवाय ही विमानं डेकखालच्या हँगरमध्ये राहायची, जंगलात उघड्यावर नाही.

जुनेपणा दाखवायचा तर तो पिठाळण्याने दाखवा. मूळ मिश्रणात १/८ पांढरा, भरपूर पातळ (२० टक्के रंग, ८० टक्के थिनर), दाब ०.८ बार, पंखांच्या वरच्या अंगाला पॅनेलच्या मधोमध. खालच्या अंगाला नाही, तिथे ऊन लागत नाही. एक्झॉस्टमागे धडाच्या खालच्या बाजूला करडा-तपकिरी धूर, पंखाच्या मुळाकडे विरत जाणारा. तोफांच्या मागे काळे फराटे ओढू नका.

गंजका रिव्हेट

खाली राखाडी निघतो हे पटलं. मग प्राइमरच्या रंगाचे दोन-चार ठिपके पायरीपाशी, तेवढं तरी.

निळसर काळा

तेवढं चालेल. स्पंजाच्या तुकड्याने, आणि तो आधी कागदावर झटकून जवळजवळ कोरडा झाल्यावर.

जुना कानसकर

पंख अजून लावले नाहीत म्हणता, तर जोडणीचं बोलतो. रंगावरच सगळे भांडतात आणि शेवटी विमान वाकडं निघतं.

धडाचे दोन अर्धे बंद करण्याआधी कॉकपिटचा डबा आत ठेवून कोरडं बसवून बघा. बाजूच्या भिंतींवर रंगाचा एक जास्तीचा थर असेल तरी धड फुगतं आणि कॅनोपीची पुढची काच अर्ध्या मिलिमीटरने अरुंद पडते. जोडणीच्या पट्ट्यांवरचा रंग ब्लेडने खरवडून काढा, गोंद रंगाला धरतो, प्लॅस्टिकला नाही.

मग पंख, पुन्हा कोरडे. पंखाच्या मुळाशी फट दिसली तर लांबीकडे (पुट्टीकडे) धावू नका. धडाच्या आत, पंखाच्या मुळाच्या पातळीवर स्प्रूचा (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या काडीचा) तुकडा आडवा ठोका म्हणून बसवा, ०.२ ०.२ मिलिमीटर लांब करत. धड तेवढं बाहेर सरकतं आणि फट मिटते. मुळाचा तो वळणदार भाग झीरोचं सौंदर्य आहे, तिथे लांबी भरून घासली की वळण आणि रिव्हेट दोन्ही जातात. पातळ गोंद वरून एकदम ओढू नका. पाव-पाव इंचावर थेंब, मध्ये दहा मिनिटं. गोंद सुकेपर्यंत दोन्ही पंखटोकांची टेबलापासूनची उंची मोजून सारखी करा आणि टेपने ताणून ठेवा. शेपटीचा आडवा पंख मागून बघून पंखांशी समांतर करा, उभ्या शेपटीवरून नाही.

तरीही लांबी लागलीच, पोटाखाली मागच्या सांध्याला लागते बहुधा, तर फेव्हिक्विकमध्ये टाल्कम पावडर मिसळून भरा आणि तासाभरात घासा. दुसऱ्या दिवशी ती प्लॅस्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना बाजूचं प्लॅस्टिक आधी झिजतं. गाडीच्या रंगकामाची एनसी लांबी आकसते, एक दिवस थांबून पुन्हा भरावी लागते. वॉटर पेपर ६००, मग १०००, मग २०००, पाण्यात बुडवून. प्रत्येक टप्प्यानंतर प्राइमरचा हात मारून बघा, उघड्या प्लॅस्टिकवर ओरखडा दिसत नाही.

इंजिन साके १२. चौदा सिलिंडर, दोन रांगा, प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे तारा अठ्ठावीस. टोपी बसवल्यावर पुढची रांगच दिसते, चौदा पुरतात. मोटर-वाइंडिंगवाल्याकडची ३६ गेजची तांब्याची तार ०.१९ मिलिमीटर असते, १/४८ ला नऊ मिलिमीटरच्या जवळ जाते. तिच्यावरचं इनॅमल जाळून टाका, नाहीतर रंग धरत नाही.

चाकं सगळ्यात शेवटी, पण एकाच बैठकीत दोन्ही. एक आज, एक उद्या केलं की दोन्ही पाय कधीच सारखे येत नाहीत. पुढून आणि वरून बघा, टेबलावर रेघ मारलेला कागद ठेवून.

आणि एक. पॅनेल रेषांत वॉश (अगदी पातळ रंग) भरताना टर्पेंटाइन चाकांच्या खोबणीत साचू देऊ नका. रंग न पोहोचलेल्या कोपऱ्यात ते मुरलं की ताण असलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि पाय बसवायला जाल तेव्हा खोबणीचा कोपराच हातात येतो. वॉश काळा नको, तपकिरी. कापसाची काडी पुसायची ती हवेच्या दिशेने, पुढून मागे.

डेकहँड

स्प्रूचा ठोका करून बघितला, ०.४ ला फट मिटली. लांबी उघडलीच नाही.

रेडिओची तार कशाची करू? आणि पोटाखालची टाकी लावायची का?

दमट हवा

तार ताणलेल्या स्प्रूची केलीत तर पुढे सैल पडू शकते आणि मेणबत्ती जवळ नेऊन पुन्हा ताणायला गेलात की तुटते. लवचीक लायक्रा धागा घ्या, हात लागला तरी परत जागेवर येतो. खांबाच्या टोकापासून उभ्या शेपटीपर्यंत. लाकडी खांब शाबूत ठेवा. वजन वाचवायला तो कापून टाकायची पद्धत जमिनीवरच्या तुकड्यांतली.

जुना कानसकर

टाकी ३३० लिटरची. विमान डेकवर उड्डाणाच्या तयारीत दाखवणार असाल तर लावा, परत उतरलेलं दाखवायचं तर काढा, लढतीआधी टाकून द्यायचे. लावलीत तर तिची शिवण धडाच्या मध्यरेषेवर येते, समोरून एकदा डोळा लावून बघा. आणि शेपटीखालचा, डेकवर उतरताना विमान अडवणारा हुक विसरू नका.